गणपतीला गावी येऊन आईचा फोन लावून देताय? मग या क्रमाने द्या

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की कोकणकन्या, तुतारी खच्चून भरून मुंबईला जातात आणि पुढचे आठ दिवस माझ्या दुकानात फोनांची रांग लागते. मालवण तालुक्यातल्या एका वाडीत माझं झेरॉक्स-रिचार्जचं दुकान आहे. येणारा माणूस साठीच्या पुढचा, हातात नवाकोरा फोन आणि वाक्य ठरलेलं: "झिलान लावन दिल्यान, आता उघडना नाय." (झील म्हणजे मुलगा.)

बघावं तर गूगल खातं मुलाचं, पासवर्ड मुलाच्या डोक्यात आणि ओटीपी जातोय नालासोपाऱ्याला. यूपीआयचं अ‍ॅप टाकलेलं, पण बँकेत नोंदवलेला नंबर केव्हाच बंद पडलेला. मुलाने मेहनत कमी घेतलेली नसते, क्रम चुकलेला असतो. आधी अ‍ॅप, मग कुलूप, आणि वहीत लिहायचं राहूनच गेलेलं. खालचा क्रम जवळजवळ उलटा आहे. आई म्हणतोय, पण वडील, आत्या, काका कोणीही धरा. आमच्याकडे बहुतेकांकडे अँड्रॉइडच असतो, म्हणून तोच धरून लिहितोय. सेटिंगमधली नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत शब्द टाका.

मुंबई सोडण्याआधीची तयारी

निम्मं काम इथेच होतं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

आपला वापरलेला फोन आईला देणार असाल तर सेटिंगमध्ये त्याच्या शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख बघा. दोन-दोन वर्षं अपडेट आलं नसेल तर तो फोन व्हिडिओ कॉलला ठीक, पैशांच्या कामाला नको. देण्यापूर्वी त्यातलं तुमचं गूगल खातं आधी काढा, मग रीसेट करा. कुलूप विसरलं म्हणून बटणं दाबून थेट रीसेट मारलंत, तर सुरू होताना फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि तो मिळेपर्यंत हलत नाही. असे तीन फोन गेल्या वर्षी माझ्या काउंटरवर विटांसारखे पडून होते.

आईच्या बँक खात्याला आणि आधारला कुठला नंबर जोडलेला आहे, हे आताच फोन करून विचारा. यूपीआय सुरू करायला बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं. नंबर तुमचा असेल किंवा बंद पडलेला असेल तर आईला घेऊन शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागेल. चतुर्थीला बँक बंद, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद, रविवारी बंद. म्हणून तिकीट काढतानाच कामाचा एक दिवस हाताशी ठेवा.

बरोबर एक जाड पुठ्ठ्याची वही, बॉलपेन आणि झिपची प्लास्टिक पिशवी आणा. शाईचं पेन नको. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातले कागदसुद्धा ओलसर होतात.

थांबा: सगळं एका संध्याकाळी उरकायचं नाही. रोज अर्धा तास, तीन-चार दिवस. आरतीनंतर, पाहुणे बसलेले असताना तर नाहीच.

१. फोन हातात घेण्याआधी विचारा

आईला फोन कशाला हवाय? तुम्हाला वाटतं त्याला नव्हे, तिला. आमच्या वाडीतल्या एका काकूंना त्यांचा मुलगा तासभर पासवर्ड, ई-मेल, क्लाउड समजावत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "माका ह्या काय्येक नको. माका फक्त झिलाचा तोंड बघूचा आसा."

तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. व्हिडिओ कॉल, गॅसचं बुकिंग, दुकानात पैसे देणं, जे काय असेल ते. यादीत नाही ते फोनमध्ये ठेवायचं नाही. बँकेचं काम यादीत आलंच नाही तर पायरी ६ सोडून द्या, आणि बिनधास्त सोडा. जिथे यूपीआय नाही तिथे यूपीआयची फसवणूक नाही.

२. आईला दिसेल, ऐकू येईल असा करा

अक्षर मोठं करा, पण इतकं नाही की बटणंच पडद्याबाहेर जातील. मोठं केल्यावर कॉल उचलण्याचा आणि पैसे देण्याचा पडदा उघडून खात्री करा. आई मराठी वाचत असेल तर फोनची भाषा मराठीच ठेवा. तुम्हाला इंग्रजी सोपं जातं हा तुमचा प्रश्न आहे. पुढे फोनवरून वाट सांगायची वेळ येईल, म्हणून तिच्या पडद्यांचे फोटो आपल्या फोनमध्ये काढून ठेवा. "वरती उजवीकडे तीन टिंबं" असं नेमकं सांगता येतं.

पहिल्या पडद्यावर फक्त तिच्या यादीतली चित्रं. बाकी गेम, बातम्या, वॉलपेपरवाले अ‍ॅप काढा किंवा बंद करा. क्रोममध्ये संकेतस्थळांच्या सूचना बंद करा. "तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला" ही लाल पाटी बहुतेक वेळा तिथूनच येते, आणि घाबरून तिच्यावर बोट ठेवलं जातं.

घरात फायबरचं वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. सड्याखालच्या वाड्यांत भिंतीआड रेंज नसते. ओटीपीसाठी खळ्यात, नाहीतर थेट वरच्या कातळावर जावं लागतं, आणि वर पोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. घरात रेंज नेमकी कुठे येते ती जागा हेरून वहीत लिहा. हसू नका, "पडवीत, तुळशीच्या बाजूचा खांब" असं लिहिलेली वही मी पाहिली आहे आणि ती कामाला येते.

३. कुलूप

सहा आकडी पिन. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. रेषा ओढायचा पॅटर्न नको, कारण तेलकट बोटाची खूण काचेवर राहते आणि उजेडात तिरपं धरलं की रस्ता दिसतो.

बोटाचा ठसा ठेवाच, पण त्याच्यावर विसंबू नका. हे शहरात राहून लक्षात येत नाही. मार्च ते मे काजूचा हंगाम. ओल्या काजूचा चीक बोटांना लागतो, कातडी जळून सोलते, आणि महिनाभर कुठलंच यंत्र तो अंगठा ओळखत नाही. फोनही नाही आणि रेशनचं मशीनही नाही. नारळ सोलणाऱ्या, मासे कापणाऱ्या हातांचंही थोडंफार तेच. म्हणून चार ठसे नोंदवा: दोन्ही अंगठे, डाव्या हाताची करंगळी, आणि जो अंगठा जास्त वापरात तो आणखी एकदा. डाव्या करंगळीला कामाची झीज कमी असते.

सिमला पिन लावावा की नाही? चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर सिमचा पिन अडवतो, म्हणून शहरात जरूर लावा. गावात माझं मत वेगळं आहे. पावसात दोन दिवस लाईट नसते, फोन बंद पडतो, सुरू करताना सिम पिन मागतो, आणि तीनदा चुकला की सिम अडकून पीयूके, म्हणजे ते सोडवायचा कोड लागतो. तो कंपनीकडून मिळवायचा, तोही दुसऱ्या फोनवरून. आई एकटी राहत असेल तर मी सिम पिन लावत नाही.

थांबा: लावायचाच ठरवलं तर आधीचा पिन अंदाजाने टाकून बघू नका. कंपनीचा मूळ पिन विचारून घ्या, मग बदला.

तपासणी: फोन पूर्ण बंद करा. आईला एकटीने सुरू करून कुलूप उघडू द्या. तुम्ही दोन हात लांब बसा, बोट पुढे करायचं नाही.

४. गूगल खातं तिचं, तुमचं नाही

इथेच सर्वात जास्त घोळ होतो. घाईत तुमचंच खातं टाकलंत तर तुमचे फोटो, नंबर, पासवर्ड सगळं तिच्या फोनवर. आमच्या एका मामांनी "नको ते फोटो भरलेत" म्हणून निवांत बसून दीडशे फोटो पुसले. ठाण्यात भाच्याच्या लग्नाचा अल्बम गेला. कचरापेटीत साठ दिवस राहतात म्हणून परत मिळाले, नाहीतर घरात महाभारत होतं.

तिच्या नावाने नवीन खातं काढा. खातं परत मिळवण्यासाठी नंबर तिचा द्या आणि ई-मेल तुमचा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून गूगल देतं ते दहा बॅकअप कोड वहीत उतरवा. एक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडा.

मग लगेच या तीन गोष्टी:

प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप पकडणारी सोय, चालू आहे का बघा. सेटिंगमध्ये "अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा" ही परवानगी शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स या सगळ्यांसमोर ती बंद ठेवा. लग्नपत्रिका, गाडीचं चलन, बँकेची केवायसी अशा नावाने जी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी) येते ती याच दारातून आत शिरते. आत शिरली की एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पळवते. तिसरं म्हणजे, सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत अनोळखी अ‍ॅप दिसतंय का बघा. पडदा वाचायचा आणि बटणं दाबायचा अधिकार तिथून मिळतो.

हरवलेला फोन शोधायची सोय चालू करा. *#०६# डायल केल्यावर दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, वहीत लिहा. फोन चोरीला गेला तर पोलीस तक्रार करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो, आणि त्यावेळी हाच आकडा लागतो. फोनच्या खोक्यावरही असतो, पण खोकं घरात कधी सापडलंय?

५. व्हॉट्सअ‍ॅप

टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. ओटीपी चुकून कोणाला सांगितला तरी या पिनाशिवाय खातं दुसऱ्या फोनवर जात नाही. मात्र अ‍ॅप अधूनमधून तो आठवण म्हणून विचारतं. ते आईला आधीच सांगा, नाहीतर ती घाबरून फोन बाजूला ठेवून देईल.

ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं तिथे "माझे संपर्क" ठेवा. अनोळखी कॉल गप्प करा. फाइल आपोआप उतरणं बंद करा. "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून यादी रिकामी आहे ना बघा, आणि तुमचा लॅपटॉप तिथे जोडून ठेवायचा मोह आवरा.

नंबर साठवताना नाव आणि नातं दोन्ही लिहा: "बाबू झील मुंबई". शक्यतो फोटोही लावा. "मी बाबू, नवीन नंबर घेतला" असा मेसेज आला की जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, हे आताच ठरवून टाका. तसा मेसेज कधीतरी येणारच.

६. पैसे

पहिली गोष्ट फोनमध्ये नाही, बँकेत करायची. पेन्शन किंवा ठेवीचं खातं आणि फोनचं खातं वेगळं ठेवा. फोनच्या खात्यात महिन्याच्या बाजारहाटापुरते पैसे, तीन-चार हजार. यूपीआय फक्त त्याला जोडा. गेलेच तर तेवढेच जातील. बाकीचे सगळे उपाय याच्यानंतर.

एटीएम कार्ड नसलं तरी आधार ओटीपीवरून यूपीआय पिन काढता येतो. आधारला आणि बँकेला तोच नंबर हवा, एवढंच. हा पिन फोनच्या पिनसारखा ठेवू नका.

मग वहीच्या दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात:

*पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.*

नुसतं वाचून दाखवू नका. तिच्या खात्यात एक रुपया पाठवा. फोन टुणकन वाजतो, पैसे येतात, पिन कोणी विचारलेला नाही. आता तिला परत एक रुपया पाठवायला सांगा, इथे पिन मागतो. तीनदा करा. हे हाताला कळतं, कानाला कळत नाही. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे पैसे मागायची कलेक्ट विनंती ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण "पैसे मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारे आहेतच. स्कॅन म्हणजेसुद्धा पैसे देणं.

रोजच्या भाजी-मासळीसाठी यूपीआय लाइट बरं पडतं. त्यात पाच हजारांपर्यंत ठेवता येतात, एका वेळी हजारापर्यंत देता येतात आणि पिन लागत नाही. बाजारात चारचौघांत पिन टाकायचा प्रश्नच येत नाही. पण पिन नाही म्हणजे उघडा फोन हातात आला तर ते पैसे कोणीही देऊ शकतो. मी त्यात पाचशेच ठेवायला सांगतो.

आईला स्वतःचं यूपीआय नकोच असेल तर यूपीआय सर्कल बघा. खातं तुमचं, ती दुकानात स्कॅन करते, आणि प्रत्येक खर्चाला तुमच्या फोनवर मंजुरी लागते किंवा तुम्ही महिन्याची मर्यादा घालून देता. मंजुरीचा प्रकार घेतलात तर एक लक्षात ठेवा: तुम्ही लोकलमध्ये लटकलेले असताना ती मासळीवालीसमोर उभी असणार.

कार्ड असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद करा. आधारचं बायोमेट्रिक लॉकही करता येतं, पण मग रेशन दुकानात अंगठा चालणार नाही आणि पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला अडेल. वेळेला उघडून देणारं माणूस घरात नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

तपासणी: आईने एकटीने ओळखीच्या दुकानात दहा रुपये द्यायचे. पैसे देण्याआधी पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं. तुम्ही दुकानाबाहेर थांबा.

७. ठगाची तालीम

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. पात्र ऐनवेळी समोरच्याचं बोलणं ऐकून पुढचं रचतं. फोनवरचा ठग तसाच असतो, म्हणून "अमुक बोलला तर तमुक बोल" अशी पोपटपंची चालत नाही. प्रत्यक्ष सोंग घ्यावं लागतं. दुसऱ्या खोलीत जा, अनोळखी नंबरवरून आईला फोन करा आणि आवाज बदला.

पहिला दिवस: "महावितरणमधून बोलतोय, आज रात्री साडेनऊला लाईट कापणार." महावितरणचे अधिकृत एसएमएस दहा आकडी खाजगी नंबरवरून येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या नावात एमएसईडीसीएल असतं. शंका आली तर वाडीतल्या वायरमनला विचारायचं. तो सगळ्यांच्या ओळखीचाच असतो.

दुसरा दिवस: "पोलीस बोलतोय, तुमच्या आधारवर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कोणाला सांगू नका." आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्ट नाही. कॉलवर कोणी अटक करत नाही आणि सुटकेसाठी पैसे भरून घेत नाही. "कोणाला सांगू नका" हे शब्द ऐकले की सगळ्यांना सांगायचं.

तिसरा दिवस: "कुरिअर आलंय, फक्त *४०१* लावून हा नंबर डायल करा." यातून कॉल दुसऱ्याकडे वळतात. चुकून झालं असेल तर ##००२# डायल करून सगळी वळणं बंद होतात.

तालमीत कळतं की खरी अडचण अज्ञानाची नाहीच. आमच्याकडे दारी आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय कोणी सोडत नाही. समोरचा "आई, आई" म्हणत गोड बोलत असताना फोन कापायचा, हे हातून होत नाही. म्हणून तिला एक सभ्य वाक्य द्या: "झिलाक इचारून सांगतंय." बोलायचं आणि लाल बटण. उत्तराची वाट बघायची नाही. फोन ठेवण्याची तालीम तेवढ्यांदा करा, जेवढ्यांदा तिला हसू येणं बंद होईल.

८. घोळ झालाच तर

वहीच्या शेवटून दुसऱ्या पानावर, याच क्रमाने लिहा:

१. फोन फ्लाइट मोडवर. वाय-फायचं बटणही बंद. अ‍ॅप पुसू नये, मेसेज पुसू नये.
२. शेजारच्या फोनवरून १९३० ला कॉल. सायबर फसवणुकीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे मधल्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त.
३. बँकेचा नंबर, पासबुकावरचा. गूगलवर शोधलेला नाही, तिथे ठगांनीही आपले नंबर पेरलेले असतात. संकेतस्थळ लागलंच तर बँकांचे पत्ते आता "डॉट बँक डॉट इन"ने संपतात.
४. मग मुलाला फोन.
५. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, किंवा थेट पोलीस ठाण्यात.

मुलगा चौथा का, हे आईला नीट सांगा. नाहीतर ती आधी तुम्हालाच लावणार, तुमचा लागणार नाही आणि तास जाणार. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्हीकडे घड्याळ चालू असतं.

आणि एक. पैसे गेलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा आधी दार लोटून घेतात. "झिलाक सांगा नको" म्हणतात. एक आजोबा अकरा दिवसांनी आले, तोवर सगळं संपलं होतं. तुम्ही ओरडणार ही भीती त्यांना त्या ठगापेक्षा मोठी वाटली. तेव्हा फोन देतानाच, जेवताना वगैरे, सांगून टाका की गेले तर गेले, मी रागावणार नाही. आणि मग खरंच रागावू नका.

९. निघण्याच्या आदल्या दिवशी

वहीत पासवर्ड आणि बॅकअप कोड असतील. यूपीआय पिन आणि फोनचा पिन मात्र त्यात नको. ते वेगळ्या कागदावर, तांदळाच्या डब्यात नाहीतर देवघराच्या खणात, आईला आठवेल तिथे. वही प्लास्टिकच्या पिशवीत. चार्जिंगचं भोक ओलं असताना चार्जर लावायचा नाही, हे वहीवर बाहेरूनच लिहा. खाऱ्या हवेत ते भोक फोनच्या आधी मरतं.

आता आईला सांगा, माझा फोन हरवला असं समज, शेजारच्या फोनवरून मला लाव. दहातल्या आठ जणी इथे अडतात. "बाबू झील मुंबई" दाबायची सवय झालेली असते, तुमचा नंबर तिला पाठ नसतो. तो वहीच्या अगदी शेवटच्या पानावर, बोटाएवढ्या आकड्यांत लिहा, आणि तिच्याकडून एकदा लावून घ्या.